एका बिलाच्या मागे चालत जा

चिरंजीवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. बीबीएचं दुसरं सेमिस्टर संपत आलं, वर्गातली मुलं आतापासून पॅकेजच्या गप्पा मारतात आणि आपण नेमकं काय शिकतोय तेच कळत नाही, मित्रासारखं बी.कॉम.ला जायला हवं होतं की काय, असं तू लिहिलंस. फोनच करणार होते, पण फोनवरचं बोलणं दोन दिवसांत विसरायला होतं, म्हणून लिहिते आहे.

कोर्सच्या नावाचा घोळ आधी मनातून काढ. बीबीए आणि बीएमएस 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले, राज्यात त्यांची सीईटी सुरू झाली, नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स अशी सोय झाली. बी.कॉम.ला 55 टक्के पडले तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता सीएच्या पुढच्या टप्प्याला, इंटरमीजिएटला, नाव नोंदवता येतं. तुला सीए व्हायचंच नाही, तेव्हा मित्र बी.कॉम.ला गेला म्हणून हळहळू नकोस.

मला काळजी वाटते ती वेगळीच. तीन वर्षं संपतील आणि एकही धंदा आतून न बघता तू बाहेर पडशील. माझं तेच झालं होतं. फर्स्ट क्लास बी.कॉम. होऊन मी एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, अकाउंट्सला लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर चलनाची, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाची, गुलाबी प्रत आली. खाली गिऱ्हाइकाच्या स्टोअरचा शिक्का आणि लाल पेन्सिलीने लिहिलेलं, '140 नग परत, ब्लोहोल.' मला त्याचा अर्थच लागला नाही. विचारायची लाज वाटली, म्हणून मी ती प्रत फाइलला लावली आणि बिल पूर्ण रकमेचं येणं म्हणून तसंच राहू दिलं. तीन महिने आम्ही ज्या पैशांची वाट बघत होतो, ते येणारच नव्हते. पगाराच्या आदल्या दिवशी ते उघड झालं आणि मालकांना घरचे पैसे आणून पगार करावे लागले. परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून कमी करायची डेबिट नोट, तिचा नमुना मला तोंडपाठ होता. पण ती नोट ओतकामात हवा अडकून पडलेल्या एका छिद्रातून निघते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून सांगते, एक बिल धर आणि त्याच्या मागे चालत जा. समज, एक लाखाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, गेली. 18 टक्के जीएसटी धरून बिल झालं 1 लाख 18 हजारांचं. वहीत विक्री दिसली, नफाही दिसला. पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं, आणि खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाऊन जो कर उरेल तो रोख भरायचा. गिऱ्हाइकाकडून तोवर एक रुपया आला नसला तरी. मधल्या काळात भंगारवाल्याचे पैसे, वीजबिल, पगार थांबत नाहीत. तुमचे सर 'वर्किंग कॅपिटल' शिकवतात ते हेच. मालकाची झोप उडते ती इथे.

कायदा तसा लहान कारखान्याच्या बाजूने आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. ते व्याज मागणारा एकही मालक मला आजवर भेटला नाही. मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल ना! मग 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात बदल झाला. या उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते चुकते होईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. 2024 च्या मार्चमध्ये गिऱ्हाइकं स्वतःहून फोन करून आमचं उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे लहान उद्योग असल्याच्या नोंदणीचा दाखला, मागू लागली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

हे तुला घरबसल्याही तपासता येईल. बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, वेबसाइटवर लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट आहेत. ताळेबंदाच्या मागच्या टिपांमध्ये 2021 पासून देणी किती जुनी आहेत त्याचा तक्ता द्यावा लागतो, त्यात एमएसएमईची, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची, देणी वेगळी दाखवलेली असतात. एका कंपनीची तीन वर्षं शेजारी ठेवून वाच. इंटरव्ह्यूमध्ये त्यावर दहा मिनिटं बोलू शकलास, तर समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकेल.

एक्सेल आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली शिकावंच लागतं, ते दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं. कोर्समधल्या ऑन जॉब ट्रेनिंगच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामावर शिकण्याच्या, कागदावर मात्र ओळखीच्या माणसाची नुसती सही आणू नकोस. खूप जण आणतात, आणि ते आठवडे हातचे जातात. त्यापेक्षा एकच लहान कारखाना निवड आणि वर्षभर त्याला चिकटून राहा, म्हणजे मार्चअखेर, दिवाळीचा बोनस आणि पावसाळ्यातली मंदी तिन्ही तिथेच बघायला मिळतील.

उद्यमनगरातल्या एका मशिन शॉपच्या मालकांशी मी बोलले आहे. शनिवारी सकाळी दहाला ये. ते तुला गेल्या महिन्याची चलनं दाखवतील, ती बिलांशी जुळवून बघ आणि जे जुळत नाही ते वहीत लिही. चप्पल घालून येऊ नकोस, खाली लोखंडाचा कीस पडलेला असतो.

तुझी,
काकू