मथळा दिसतो, पण ऐकू येतो का?

साखळीहून एका वाचनालयाचे कार्यवाह: आमच्या संकेतस्थळावरील मथळे मोठे आणि ठळक आहेत, तरीही एका दृष्टिहीन सभासदांना विभाग सापडत नाहीत. असे का?

अक्षरे मोठी केल्याने मथळा होत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, आकार पाहत नाही, टॅग (पानाच्या कोडमधल्या खुणा) वाचतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ ही कळ दाबून पुढच्या मथळ्यावर जाता येते. परंतु तिथे एच-१, एच-२ हे मथळ्याची पातळी सांगणारे टॅग नसून नुसत्या ‘डिव्ह’ला (स्वतःचा अर्थ नसलेल्या कप्प्याला) सजवलेले असेल, तर ती कळ निरुपयोगी ठरते आणि ‘नवी पुस्तके’ गाठण्यासाठी वाचकाला वरचा सारा मजकूर ऐकत बसावे लागते. अक्षर लहान दिसावे म्हणून एच-४ निवडणे हाही तोच दोष; आकाराचे काम सीएसएसकडे (पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडकडे) सोपवावे.

फोंड्याहून एक वाचक: आमच्या देवस्थानाच्या पानावर मराठी सूचना आणि कोकणी आमंत्रण आहे. स्क्रीन रीडर ते इंग्रजी आवाजात वाचू पाहतो.

बहुधा तयार थीममधील ‘एचटीएमएल’ टॅगवर ‘लँग’ची (भाषा सांगणाऱ्या गुणधर्माची) किंमत ‘ईएन’ (इंग्रजी) तशीच राहिली असावी. गोव्यातील पानांवर हे मला वारंवार आढळते. पान मुख्यतः मराठी असल्यास तिथे ‘एमआर’ लिहावे आणि कोकणी आमंत्रणाच्या परिच्छेदाला स्वतंत्रपणे ‘केओके’ द्यावे, कारण दोन्हींची लिपी देवनागरीच असल्याने लिपीवरून भाषेचा उलगडा होत नाही. आमंत्रण रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत असेल, तर ‘केओके-एलएटीएन’. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाज-यंत्रणेमध्ये मराठी व कोकणी दोन्ही आहेत. हे उच्चार यांत्रिक वाटतात खरे, पण इंग्रजी आवाजातल्या मराठीपेक्षा केव्हाही बरे. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांनुसार पानाची भाषा सांगणे ‘ए’ (किमान) स्तरावर, तर मजकुरातील वेगळ्या भाषेच्या भागाची खूण ‘एए’ स्तरावर येते.

पेडण्याहून होमस्टेचालक: ‘आरक्षण करा’ या ‘डिव्ह’ला ‘रोल’ (घटकाची भूमिका सांगणारा गुणधर्म) म्हणून ‘बटन’ दिले. पुरे ना?

नाही. त्याने फक्त नाव बदलले. टॅब कळीने तिथे पोहोचणे, एंटर व स्पेसने ते दाबले जाणे, हे सारे तुम्हालाच लिहावे लागेल. ‘बटन’ टॅग हे आयते देतो.

चोडणहून: राईबंदर–चोडण फेरीचे वेळापत्रक छायाचित्र म्हणून टाकले आहे. ‘ऑल्ट’मध्ये (चित्राच्या पर्यायी मजकुरात) सगळ्या वेळा लिहू का?

नको, सारणीच करा. ‘ऑल्ट’ सलग वाचला जातो, त्यामुळे हवी ती वेळ शोधत मागेपुढे जाता येत नाही. ‘राईबंदरहून’, ‘चोडणहून’ ही स्तंभशीर्षके ‘टीएच’ या शीर्षकाच्या टॅगमध्ये ठेवून त्याच्या ‘स्कोप’ला ‘कॉल’ (स्तंभ) द्या. मग कळफलकावरील कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ यांनी शेजारच्या स्तंभात सरकताच एनव्हीडीए आधी किनाऱ्याचे नाव सांगेल आणि मग वेळ.