ट्यूबवर ‘१००% सिलिकॉन’ लिहिलंय, माशांच्या टाकीला चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काचेच्या जुन्या टाकीचा एक कोपरा पाझरतोय, तो बंद करायचाय. त्याच टाकीत पिल्लांसाठी काचेचं पार्टिशनही चिकटवायचंय. घरात ‘१००% सिलिकॉन’ लिहिलेली ट्यूब पडून आहे, ती वापरली तर मासे मरतील का?

तेवढ्या दोन शब्दांवरून काही ठरत नाही. ‘१००% सिलिकॉन’ म्हणजे आतलं रबर सिलिकॉनचं आहे, त्यात अ‍ॅक्रिलिक किंवा लेटेक्स मिसळलेलं नाही, इतकंच. ते हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही. पूर्ण वाळलेल्या सिलिकॉनचा माशांना त्रास नसतो. काचेच्या टाक्या त्याच्याच जोरावर उभ्या असतात. त्रास होतो तो वरून घातलेल्या बुरशीनाशकाचा.

बेसिन, शॉवर, ओटा यांच्या फटी भरायला जे सिलिकॉन बनवतात, त्यात काळी बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं असतं. झिंक पायरिथिऑन, ऑक्टाइल आयसोथायाझोलिनोन म्हणजे ओआयटी, आणि डीसीओआयटी ही त्यातली नेहमीची नावं. यातलं झिंक पायरिथिऑन कोंड्याच्या शाम्पूतही असतं, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण तेच झिंक पायरिथिऑन आणि डीसीओआयटी जहाजांच्या बुडाच्या रंगातही घालतात, शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून. पाण्यातल्या जिवांना हुसकावणं हेच यांचं काम. शिवाय रबरात अडकून बसलेलं औषध बुरशीचं काही बिघडवू शकत नाही. ओल्या पृष्ठभागावर ते थोडं थोडं बाहेर येत राहावं अशीच त्याची योजना असते. बाथरूममध्ये ते पाण्याबरोबर गटारात जातं. टाकीत मात्र तेच पाणी फिरत राहतं आणि दिवसभर माशांच्या कल्ल्यांतून जातं. कोळंबी आणि गोगलगायी माशांपेक्षाही नाजूक असतात.

आता वासाबद्दल. ‘व्हिनेगरचा वास आला की बिनधास्त वापरा’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. तो अर्धाच बरोबर आहे. ट्यूबमधलं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि घट्ट होताना एक पदार्थ बाहेर टाकतं. अ‍ॅसिटॉक्सी प्रकारात तो अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतो, म्हणून व्हिनेगरचा वास. न्यूट्रल प्रकारात तो ऑक्झाइम किंवा अल्कोहोल असतो. म्हणजे वासावरून घट्ट होण्याची रीत कळते, आत बुरशीनाशक आहे की नाही हे कळत नाही. व्हिनेगरचा वास येणारं आणि बुरशीनाशक असलेलं बाथरूम सिलिकॉन सर्रास मिळतं. उलट, न्यूट्रल म्हणजे विषारी असंही नाही. मोठ्या टाक्या जोडणारे बरेच जण इमारतींच्या काचांसाठी असलेलं न्यूट्रल सिलिकॉनच वापरतात.

तरीही घरच्या कामाला मी अ‍ॅसिटॉक्सीच घेतो, आणि कारण पुन्हा वासच आहे. वास येतोय तोवर घट्ट होण्याचं काम चालू आहे, हे वेगळं काही न करता कळतं. काच सोडून दुसरं काही चिकटवायचं असेल तर मात्र थांबा. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तांबं-पितळ खातं, संगमरवर आणि सिमेंटवरही हे सिलिकॉन नीट बसत नाही. आणि तांबं पाण्यात उतरलं की पहिली कोळंबी जाते.

तर ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. ‘बुरशीरोधक’, ‘मिल्ड्यू रेझिस्टंट’, ‘अँटी-फंगल’, ‘सॅनिटरी’, ‘किचन अँड बाथ’ यातलं काहीही दिसलं की ती ट्यूब टाकीसाठी बाद. ‘नॉट फॉर अ‍ॅक्वेरियम’ लिहिलेलं असेल तर वादच मिटला. ‘पेंटेबल’ लिहिलेलं बहुधा अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं असतं, तेही नको. यातलं काहीच नसेल तर उत्पादकाच्या साइटवरून त्या मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे घटक आणि धोके सांगणारं पत्रक, काढा आणि तिसरा विभाग पाहा, तिथे घटक दिलेले असतात. ‘आयसोथायाझोलिनोन’ किंवा ‘पायरिथिऑन’ दिसलं की संपलं. दुसऱ्या विभागातला ‘जलचरांना घातक’ हा शेरा ओल्या मालाबद्दल असतो, पण तोही दिसला तर मी ती ट्यूब घेत नाही, कारण पर्याय भरपूर आहेत. अन्नाशी संपर्क चालेल असं लिहिलेलं असणं, म्हणजे एफडीए २१ सीएफआर १७७.२६०० हा अमेरिकी नियम किंवा एनएसएफ ५१ हे मानक, ही चांगली खूण. टाक्यांसाठी म्हणूनच विकलेलं सिलिकॉन मिळालं तर एवढा उपद्व्याप करायची गरज नाही. महाग असतं, पण एका टाकीला लागतं किती?

एक गोष्ट दुर्लक्षित राहते: नाव तेच ठेवून कंपनी आतला माल बदलते. मित्राने काही वर्षांपूर्वी वापरलेली ट्यूब आणि आज शेल्फवर असलेली ट्यूब एकच असेल असं धरून चालू नका. आणि घरात पडून असलेल्या ट्यूबची तारीखही बघा. जुनं सिलिकॉन घट्टच होत नाही, दिवसेंदिवस च्युइंगमसारखं चिकट राहतं. शंका असेल तर काचेच्या तुकड्यावर एक रेघ ओढा. पाव-अर्ध्या तासात वर पापुद्रा धरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी नखाने उचलून ओढा: रबर तुटलं आणि काचेला थोडं चिकटून राहिलं तर ठीक, अख्खी पट्टी सोलून हातात आली तर ती ट्यूब फेकून द्या.

आता तुमचा कोपरा. सगळ्यात आधी हे की जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. पाझरत्या जागी बाहेरून किंवा आतून बोटभर चोपडलं तर ते महिनाभर टिकेल, कदाचित जास्तही, पण तो इलाज नव्हे. आतल्या कोपऱ्यांत फिरणारी सिलिकॉनची पट्टी सगळीकडून काढायची आणि नवी घालायची. एकाच कोपऱ्यातली काढली तर जिथे जुनी संपते आणि नवी सुरू होते तिथेच पुढची गळती. दोन काचांच्या मधला पातळ थर मात्र हलवू नका, टाकीला धरून ठेवतो तो तोच. त्यात लांबलचक पांढरट पट्टे किंवा बुडबुड्यांची ओळ दिसत असेल तर काच सुटायला लागली आहे. तेव्हा टाकी पूर्ण खोलून परत जोडावी लागते, आणि ते पहिल्याच कामाला हाती घेऊ नये.

ताकदीची भीती बहुतेकांना चुकीच्या जागी वाटते. ९० सेंमी लांब आणि ४५ सेंमी पाणी असलेल्या टाकीच्या पुढच्या काचेवर सुमारे ९० किलो वजनाइतका जोर येतो. टाकी पुढून मागे किती रुंद आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. पाण्याची उंची दुप्पट झाली तर हा जोर चौपट होतो, म्हणून उंच टाक्या जास्त धोक्याच्या. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्या सांध्यांवर वाटला तर चांगल्या सिलिकॉनच्या ताकदीचा लहानसा भागच वापरला जातो. सांधा सुटतो तो बहुधा रबर कमजोर म्हणून नाही, काच नीट साफ नव्हती म्हणून.

त्यामुळे वेळ घालवायचा तो साफसफाईत. टाकी रिकामी आणि कोरडी करा. नवं ब्लेड घ्या, ते काचेला जवळजवळ टेकवून धरा आणि पट्टी कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी सोडवत न्या. जाड रबर पटकन निघतं. मग काच स्वच्छ दिसते आणि इथेच लोक थांबतात. तिरप्या उजेडात पाहिलं तर धुरकट साय दिसते. नख ओढून बघा: स्वच्छ काचेवर ते सरकतं, सिलिकॉन उरलं असेल तिथे अडकतं, थोडं रबरी लागतं. परत ब्लेड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन लावलेलं धागे न सुटणारं कापड, दर पुसण्याला कापडाची नवी बाजू. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको. त्यानंतर त्या काचेला बोट लागता कामा नये. टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर अ‍ॅसिटोन जवळही आणू नका, तडे जातात. तसंही अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन धरत नाही, त्याची वेगळी सॉल्व्हंट सिमेंट असतात.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर सोडून मास्किंग टेप लावा. एका दमात सलग धार सोडा, ओलं बोट एकदाच फिरवा, आणि पापुद्रा धरायच्या आत, पाच-सात मिनिटांत, टेप ओढून काढा. पुन्हा पुन्हा बोट फिरवण्याचा मोह आवरा. पापुद्रा धरल्यावर तो फाटतो आणि तसाच राहतो.

वाळायला किती वेळ? सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं, २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर. काचेतून ओलावा जात नाही, त्यामुळे जाड थराला तो फक्त उघड्या बाजूनेच मिळतो. हेअर ड्रायरने घाई करू नका, कोरड्या हवेत काम उलट रेंगाळतं. लहान कामाला मी दोन दिवस थांबतो, सगळ्या कोपऱ्यांची पट्टी बदलली असेल तर आठवडा. मग सांध्याला नाक लावून वास घ्यायचा. व्हिनेगर जाणवत असेल तर आणखी थांबायचं. उरलेल्या अ‍ॅसिडने मृदू पाण्याचा पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. त्यानंतर टाकी सपाट जागी, पाण्याचं नुकसान चालेल अशा ठिकाणी पूर्ण भरा, खालच्या कडेभोवती कोरडा कागद ठेवा, एक-दोन दिवस तशीच राहू द्या. कागद कोरडा राहिला तर ते पाणी ओतून टाका आणि नव्या पाण्याने सुरुवात करा.

पार्टिशनचं काम यापेक्षा सोपं. दोन्ही बाजूंना पाणी सारखं असेल तर त्याच्यावर भार जवळजवळ नसतो. बुरशीनाशक नसलेलं कुठलंही सिलिकॉन चालतं, तुमची ट्यूब तपासणीत पास झाली तर तीसुद्धा. पण पाणी बदलताना एकीकडची पातळी खाली गेली की सगळा दाब त्या एका काचेवर येतो. म्हणून पार्टिशन कापून घेतानाच खालचा एक कोपरा तिरपा छाटून घ्या, तिथे सिलिकॉन लावू नका आणि त्या भोकात फिल्टरच्या स्पंजचा तुकडा घट्ट बसवा. पाणी इकडून तिकडे जातं, पिल्लं जात नाहीत.