दर एका फाईलीत, पट्टी दुसऱ्या फाईलीत

प्रश्न: सर नमस्कार, मी लातूरला मार्केट यार्डात एका अडत दुकानाचं कॉम्प्युटरचं बघायलोय. जुनं सगळं पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत हाय. हमाली-तोलाईचे दर एका फाईलीत ठेवले आन पट्टीच्या (शेतकऱ्याच्या हिशेबाच्या) स्क्रिप्टमधी ती फाईल रिक्वायर (require) करून ओढली, तर सोयाबीनच्या पट्टीवर हमाली शून्य येऊलालीय. चुका पकडणारं स्ट्रिक्ट (use strict) लावलं की ग्लोबल सिम्बॉलचा एरर येतो आन स्क्रिप्ट चालतच नाही. काय करावं?

उत्तर: हमालांनी पट्टी बघितली नाही तवर बरं हाय! तुम्ही दराच्या फाईलीत व्हेरिएबलच्या आधी 'माय' (my) लिहिलंय, मी न बघताच सांगतो. ही माय घर सोडत नाही बगा, ज्या फाईलीत लिहिली तिथंच राहणार, रिक्वायरनं फाईल चालते पण माय सोबत येत नाही. मग पट्टीवाल्या फाईलीत त्याच नावाचं दुसरंच रिकामं व्हेरिएबल तयार होतं आन पर्ल गपचूप शून्य धरून गुणाकार करतं. स्ट्रिक्ट ओरडतंय ते तुमच्याच भल्याचं हाय, काढू नका.

'माय'च्या जागी 'अवर' (our) लिहा, दोन्ही फाईलीत. दराच्या फाईलीत किंमतीसकट, पट्टीच्या फाईलीत नुसतं नाव, तिथं सवयीनं पुढं '= 0' लिहिलं की आलेला दर पुसला म्हणून समजा. अवर 2000 साली पर्ल 5.6 मधी आलं, त्याच्या आधीच्या कोडात 'यूज व्हार्स' (use vars) दिसंल, घाबरू नका, काम तेच. मला इचाराल तर दराच्या फाईलीला वेगळं पॅकेज (नावांचा वेगळा कप्पा) द्या आन पट्टीत आधी डॉलर, मग पॅकेजचं नाव, दोन कोलन, मग व्हेरिएबलचं नाव असं पूर्ण लिहा. टायपिंग वाढतं खरं, पण सहा महिन्यांनी हा दर कुठून आला ते हुडकत बसायची पाळी येत नाही.

दराच्या फाईलीत शेवटी '1;' म्हणजे एक हा आकडा आन सेमिकोलन लिहाच. आन 2017 च्या 5.26 पासून पर्ल चालू फोल्डरमधी आपोआप बघत नाही, म्हणून फाईलीच्या नावाआधी डॉट-स्लॅश द्या, नाहीतर 'कान्ट लोकेट' म्हणतं.

एक राहिलंच, सकाळी एक स्क्रिप्ट चालवून दर बदलला आन संध्याकाळी पट्टीची वेगळी चालवली तर अवर लावूनबी तो दर पोचणार नाही, पहिली बंद झाली की तिची मेमरी गेली. तिथं दर फाईलीतच लिहून ठेवावा लागतो.