नदीत काळं पाणी उतरलं की नमुना घ्यायला कसं भाग पाडायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नांदेड जिल्ह्यात गोदाकाठचं गाव. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीतून बंधाऱ्यात काळपट पाणी उतरतं, उग्र वास सुटतो, सकाळी डोहात मासे उलटे तरंगताना दिसतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन केला, तर माणूस तिसऱ्या दिवशी आला, तोवर पाणी निवळलेलं. आणि शेवटी तुम्ही वैतागून लिहिलंय, "समुद्रकिनाऱ्याला कडक नियम असतात, आमच्या नदीला कोण विचारतो?"

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण कागदावर गोष्ट नेमकी उलटी आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये सांडपाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा दिल्यात. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. समुद्रात सोडायचं असेल तर तीच मर्यादा १०० आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तेवढा आकडा. तो वाढला की माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन संपतो. समुद्राला पाणी भरपूर, घाण पातळ होते, म्हणून तिथे सूट. नदीसाठी ३० धरलेत तेही नदी वाहती आहे असं गृहीत धरून. अंघोळीच्या लायकीच्या नदीत बीओडी ३ च्या आत हवा. म्हणजे कारखान्याने अगदी नियमात राहून ३० चं पाणी सोडलं, तरी ते सुरक्षित व्हायला त्याच्या दहापट किंवा जास्तच स्वच्छ पाणी नदीत वाहतं हवं.

आता फेब्रुवारी-मार्चमधली आपली गोदावरी आठवा. वर जायकवाडी, मग विष्णुपुरी, मध्ये बंधाऱ्यांची रांग. नदी वाहत नाही, डोहाडोहात अडकून बसते. पातळ करायला पाणीच नसतं. मराठवाड्यात "रिपोर्ट मर्यादेत आला" या उत्तरावर म्हणूनच समाधान मानू नका. तुमचा पहिला प्रश्न वेगळा हवा: या कारखान्याला नदीत पाणी सोडायची परवानगी आहे तरी का?

हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९७४ च्या कलम २५ खाली असं सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला मंडळाची संमती घ्यावी लागते. सांडपाणी किती, कुठे, कोणत्या दर्जाचं सोडायचं ते त्यात असतं. त्याच कलमाच्या पोटकलम ६ प्रमाणे या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि बाधित माणसाला ती पाहू द्यायची. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत सापडली तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकारात मागा. ३० दिवस लागतील, म्हणून हंगामाची वाट न बघता आजच अर्ज टाका.

संमतीपत्र हाती आलं की काय बघायचं? साखर कारखान्यासाठी केंद्राने २०१६ साली नियम कडक केले. गाळलेल्या टनामागे प्रक्रिया केलेलं सांडपाणी १०० लिटरच्या आत, बाहेर पडायला तोंड एकच, आणि शेतीला पाण्याची गरज नसेल तेव्हा पंधरा दिवसांचं पाणी साठवता येईल एवढी टाकी. शुद्धीकरण केंद्र हंगामाच्या महिनाभर आधी सुरू करायचं, कारण त्यातले जिवाणू एका रात्रीत तयार होत नाहीत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येणाऱ्या काळ्या पाण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. कारखान्याला जोडून डिस्टिलरी असेल तर प्रकरण आणखी सरळ. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारा स्पेंटवॉश एवढा जहाल असतो की त्याचा बीओडी हजारांत मोजतात, आणि डिस्टिलरीला शून्य विसर्गाची अट असते. तो नदीत दिसला की उल्लंघन झालंच. ३० की ३५ हा वादच उरत नाही.

आता तिसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाकडे वळू. सगळं इथेच घसरतं. कोर्टात टिकतो तो जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घेतलेला नमुना: अधिकाऱ्याने कारखान्याला जागेवर नोटीस द्यायची, त्यांच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून सह्या घ्यायच्या, मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. मंडळाची माणसं याला जेव्हीएस म्हणतात. यातली एक पायरी चुकली की वकील पहिल्या तारखेलाच तो अहवाल बाद करवतो. तुम्ही बिसलरीच्या बाटलीत भरून ठेवलेलं पाणी तिथे पुरावा ठरत नाही. तरी भराच. स्वच्छ बाटली, काठोकाठ, बर्फाच्या डब्यात, आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. त्या आकड्याच्या जोरावर अधिकाऱ्याला हलवता येतं.

तक्रार फोनवर नको. ईमेल करा, एकाच वेळी उपप्रादेशिक अधिकारी, प्रादेशिक अधिकारी आणि जिल्हाधिकारी तिघांना. त्यात पाणी उतरल्याची वेळ, ठिकाण, तारीख दिसेल असे फोटो, आणि एक वाक्य ठळक लिहा: "कलम २१ नुसार कारखान्याच्या विसर्गाच्या तोंडाशी, तसेच नदीत त्याच्या वर आणि खाली नमुने घ्यावेत." फक्त डोहातला नमुना घेतला तर कारखाना म्हणेल, ही शहराच्या नाल्याची घाण. वर आणि खाली दोन्हीकडचे आकडे असले की ती पळवाट बंद. क्षेत्र अधिकाऱ्याला शत्रू समजू नका. एकेकाच्या गळ्यात कित्येक उद्योग असतात. त्याच्या हातात पक्की वेळ आणि जागा दिलीत तर त्याचंही काम सोपं होतं.

पाणी दिसलं त्या प्रत्येक दिवशी नवी तक्रार करा. कंटाळा येईल, गावातले लोक हसतीलही, पण याला पैशातलं कारण आहे. पर्यावरणीय भरपाईचं केंद्रीय मंडळाचं जे सूत्र आहे त्यात उल्लंघनाच्या दिवसांनी गुणतात. चाळीस दिवस त्रास झाला आणि तक्रार एकच असेल, तर कारखाना थोड्या दिवसांचे पैसे भरून सुटू शकतो. ग्रामसभेचा ठराव, मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांचे जबाब, विहिरींच्या पाण्याचे तपासणी अहवाल, हे सगळं तारखेसह एका फायलीत लावा.

मंडळाकडे जल कायद्याचं कलम ३३-अ आहे. त्याखाली ते कारखाना बंद करायला, वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलंय की सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालत नसेल तर उद्योग चालू द्यायचा नाही. अर्जात याचा उल्लेख करा. तरीही हालचाल नसेल तर कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात फिर्याद करू शकतो. मला स्वतःला राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायाधिकरणाचं, पुण्याचं पीठ जास्त उपयोगी वाटतं. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये, पुराव्याच्या कायद्याची बंधनं तिथे तेवढी ताठ नाहीत, आणि बऱ्याचदा लवाद संयुक्त समिती नेमून जागेवर पाठवतो. फक्त मुदत सांभाळा: वादाचं कारण घडल्यापासून ६ महिने, नुकसानभरपाईसाठी ५ वर्षं.

शहराच्या मैलापाण्याचा नाला असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्जही चालतो. नगरपालिकेकडे पैसे नाहीत ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच रतलामच्या खटल्यात फेटाळली आहे.

आणि समुद्राचं म्हणाल तर तो आपल्यापासून तुटलेला नाही. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलैला उघडतात, ते २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात. उन्हाळाभर डोहांत साचलेला गाळ पुराबरोबर तेलंगणात उतरतो. कुजणारी घाण वाटेत बरीचशी संपते, पण नत्र, स्फुरद, जड धातू आणि प्लास्टिक गाळासोबत पुढे सरकतं. तिथल्या श्रीराम सागर धरणात काही अडकतं, उरलेलं राजमहेंद्रीच्या खाली, कोरिंगाच्या खारफुटीकडे जातं. काकीनाड्याच्या मच्छीमाराला तिथल्या किनाऱ्याचा कोणताही नियम या पाण्यापासून वाचवू शकत नाही, कारण ते सोडणारं तोंड आपल्या जिल्ह्यात आहे आणि ते तपासायचा अधिकार आपल्याकडच्या कार्यालयाला आहे.

संमतीपत्राची प्रत मिळाली की विसर्गाची अट आणि बीओडीचा आकडा इथे टाका. त्यावरून ३३-अ च्या अर्जाचा मसुदा लिहून देतो.