स्कॅनर लाल, पॅकेज मात्र ठणठणीत

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर डेबियन १२ लिनक्स आहे. नेटवर्क स्कॅनरच्या अहवालात ओपनएसएसएचपुढे (दुरून लॉगिन करण्याचा प्रोग्रॅम) दर महिन्याला सीव्हीई-२०२४-६३८७ (जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक) लाल रंगात येतं. ‘एपीटी अपग्रेड’ (डेबियनची पॅकेजं अद्ययावत करणारी आज्ञा) चालवलं तर नवीन काहीच येत नाही. ऑडिटर म्हणतात, ओपनएसएसएचची ९.८ आवृत्ती टाका. टाकावं का?

उत्तर : नको. सोर्समधून ९.८ बिल्ड करून बसवलंत, तर यापुढच्या दुरुस्त्या एपीटीकडून मिळणार नाहीत. आज खोटा असलेला इशारा सहा महिन्यांनी खरा ठरायचा!

पोर्ट २२ला कुणी जोडलं की सर्व्हर आपली पाटी दाखवतो : ‘ओपनएसएसएच_९.२पी१ डेबियन-२+डेब१२यू३’. स्कॅनर त्यातलं फक्त ‘९.२पी१’ वाचतो. मूळ प्रकल्पाच्या हिशेबाने ८.५पी१ ते ९.७पी१ सदोष, म्हणून लाल. पण डेबियन स्थिर आवृत्तीत मूळ आकडा सहसा बदलत नाही. दुरुस्तीचा पॅच तेवढा जुन्या कोडवर बसवतं. यालाच बॅकपोर्ट म्हणतात, आणि त्याची खूण शेपटीत असते. ‘डेब१२यू३’ किंवा पुढचं असेल तर दुरुस्ती आलेली आहे. ‘यू२’ दिसलं तर मात्र स्कॅनरचंच बरोबर.

काही जण ‘डेबियनबॅनर नो’ लिहून ही शेपटी लपवतात. त्याने सुरक्षितता वाढत नाही, स्कॅनरच्या हाती होता तो पुरावाही जातो.

ऑडिटरना तीन गोष्टी द्या. ‘डीपीकेजी -एल ओपनएसएसएच-सर्व्हर’चं आउटपुट, ‘एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’मधली या सीव्हीईचा उल्लेख असलेली ओळ, आणि डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवरचं त्याच सीव्हीईचं पान, जिथे बुकवर्मपुढे (म्हणजे डेबियन १२पुढे) दुरुस्त आवृत्ती दिलेली असते. (रेड हॅटच्या घराण्यात ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग’.) त्याआधी ‘सिस्टमसीटीएल स्टेटस एसएसएच’ पाहून घ्या. सेवा पॅकेज बसवण्याच्या आधीपासून चालू असेल, तर डिस्कवर नवं आणि मेमरीत जुनं अशी गत, रीस्टार्ट करा.

कायमचा इलाज म्हणजे स्कॅनरला लॉगिन देऊन तपासणी करवणं. मग तो पाटी न वाचता पॅकेजांची यादी वाचतो. तेही जमत नसेल तर अपवाद नोंदवा, पण मुदत घालून.

प्रश्न : मी जावास्क्रिप्टचं एक एनपीएम पॅकेज सांभाळतो. त्रुटी ३.१.०मध्ये दुरुस्त केली, तोच पॅच २.८.४मध्येही दिला. तरी २.८.४ वापरणाऱ्यांना ‘एनपीएम ऑडिट’ इशारा देतं.

उत्तर : दोष कोडचा नाही, नोंदीतल्या आवृत्त्यांच्या पट्ट्याचा. ‘एनपीएम ऑडिट’ची माहिती गिटहबच्या ॲडव्हायजरी (त्रुटींच्या सूचना) डेटाबेसमधून येते. तिथे बहुधा ‘३.१.०पेक्षा लहान ते सगळं सदोष’ असा एकच पट्टा असेल. त्याचे दोन करायचे : पहिला शून्यापासून २.८.४च्या आधीपर्यंत, दुसरा ३.०.०पासून ३.१.०च्या आधीपर्यंत. ॲडव्हायजरी तुमच्याच रिपॉझिटरीतून निघाली असेल तर तिथेच बदला. नाहीतर डेटाबेसमधल्या पानावर सुधारणा सुचवायची सोय आहे, सोबत २.८.४चा टॅग आणि पॅचच्या कमिटचा दुवा द्या. नुसतं ‘चुकीचं आहे’ लिहून भागत नाही.

इथे एक हमखास फसगत होते. सेमव्हरच्या (आवृत्त्यांना आकडे देण्याच्या नियमांच्या) क्रमात ३.०.०-बीटा.१ हे ३.०.०च्या आधी येतं. दुसरा पट्टा ३.०.०पासून धरला तर सदोष बीटा आवृत्त्या निसटतात, आणि खोटा इशारा घालवताना खराही घालवून बसतो. सुरुवात पहिल्या बीटाच्या आकड्याने करा.

गिटहबवर बदललं की एनव्हीडीतही (अमेरिकी सरकारचा त्रुटींचा डेटाबेस) बदलेल असं धरू नका. ती नोंद वेगळी, तिथे वेगळं कळवावं लागतं. पाठपुरावा मात्र फुकट जात नाही. कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या टूलच्या सीव्हीई-२०२०-१९९०९ला २०२३मध्ये एनव्हीडीने आधी गांभीर्याचे दहापैकी ९.८ गुण दिले होते, प्रकल्पाने आक्षेप घेतल्यावर ते ३.३वर आले.