काच दिसते, काटा दिसत नाही

प्रश्न : हरमलच्या किनाऱ्यावर मुलाच्या तळपायात बाटलीची काच घुसली. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला. काच तर पारदर्शक, मग ती त्यात दिसेल का? (वाचक, पेडणे)

उत्तर : दिसेल. काच मांसापेक्षा दाट असते, म्हणून क्ष-किरण अडवते. दोन मिलिमीटरहून मोठा तुकडा, पांढरा असो की रंगीत, बहुधा सापडतोच. फक्त एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन काढायला हवेत. एकाने जागा कळते, खोली कळत नाही. जखमेच्या तोंडाशी धातूची खूण चिकटवून एक्स-रे काढला, तर चीर कुठे द्यायची हे सर्जनला नेमके उमगते. बाटलीचा उरलेला तुकडा सोबत न्या, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले तेही सांगा. आणि कृपा करून घरी सुईने कोरू नका, तुकडा आणखी आत जातो.

प्रश्न : कुंपणाच्या बांबूचे कुसळ पायात मोडले. एक्स-रेत काही नाही, पण महिना झाला, पू थांबत नाही. (आई, डिचोली)

उत्तर : मग कुसळ आतच आहे असे धरून चला. लाकूड, काटे, प्लॅस्टिक साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत. पुन्हा अँटिबायोटिक सुरू करण्याआधी सोनोग्राफी मागा. त्यात लाकडाची उजळ रेघ आणि खाली काळी सावली दिसते. चिठ्ठीवर नुसते ‘पाय दुखतो’ नको, ‘बांबू घुसला होता’ असे लिहून घ्या. शोधणाऱ्याला काय शोधायचे ते माहीत हवे.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातीला काजूगर खाताना जोराचा ठसका लागला. एक्स-रे नॉर्मल, खोकला मात्र आहे. (आजोबा, फोंडा)

उत्तर : काजूगर एक्स-रेत उमटत नाही. श्वासनलिकेत अडकला असेल तर कधीकधी त्या बाजूचे फुप्फुस श्वास सोडतानाही फुगलेले दिसते. कधी तेवढेही दिसत नाही. आजच बालरोगतज्ज्ञांना ठसक्याची हकिकत सांगा. दुर्बिणीने तपासावे लागेल.

प्रश्न : मुलाने नाणे गिळले की रिमोटचा बटन सेल, कळत नाही. थांबून पाहू का? (वाचक, मडगाव)

उत्तर : अजिबात थांबू नका. एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्याला ते नसते. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही भाजतो. १०८ बोलवा किंवा थेट गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) गाठा. उलटी करवू नका. मूल वर्षापेक्षा मोठे असेल आणि नीट गिळत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका.