'परजीवी'तला हरवलेला 'उप'

प्रश्न असा आहे : 'रानपक्ष्यांत मलेरियाचे नवीन परजीवी विषाणू सापडले' या वाक्यात 'परजीवी' बरोबर आहे का?

आधी तो 'विषाणू' खोडा. माणसाचा असो की चिमणीचा, मलेरिया विषाणूमुळे होत नाही, जीवाणूमुळेही नाही. प्लास्मोडियम हा केंद्रक असलेला एकपेशीय आदिजीव आहे. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांनी तो १८८० मध्ये माणसाच्या रक्तात पाहिला, तरी बातम्यांतला 'मलेरियाचा विषाणू' काही मरत नाही!

आता 'परजीवी'. तो हिंदीतला, मराठी शब्द 'परोपजीवी'. 'दोन्ही चालतात' म्हणणारे कोशकार मला मुळीच पटत नाहीत. 'उपजीव्' म्हणजे एखाद्याच्या आधाराने जगणे. 'उपजीविका' त्यातूनच आली. 'उप' गाळला की नेमका आधारच गळतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. 'पॅरासाइट' मूळचा ग्रीक 'पारासितोस'. 'पारा' म्हणजे शेजारी, 'सितोस' म्हणजे धान्य, अन्न. दुसऱ्याच्या ताटाशेजारी बसणारा. आधी हा देवळातल्या भोजनाचा मानकरी होता, पुढे ग्रीक सुखात्मिकांत तो फुकट जेवणारा खुशमस्कर्‍या झाला. म्हणजे आपला भोजनभाऊच! 'पर' आणि 'पारा' यांचा उच्चार जवळचा वाटतो, पण 'पारा'चा 'शेजारी' हा अर्थ आपल्याकडे 'उप' सांभाळतो : उपनिषद, उपनगर. म्हणून माझ्या मते 'परोपजीवी' हा ग्रीक शब्दाला मिळालेला सर्वांत नेमका जोडीदार आहे.

पक्ष्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की हा अर्थ डोळ्यांना दिसतो. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आपल्या पेशीत नसतं. पाहुणा त्या केंद्रकाशेजारी कसा बसलाय यावरून जात ओळखायला मोठी मदत होते. हिमोप्रोटियस या प्लास्मोडियमच्या नातलगाच्या कित्येक जाती केंद्रकाला वळसा घालतात. प्लास्मोडियम रेलिक्टम त्याला बाजूला ढकलतो. दोघेही हिमोग्लोबिन खातात आणि खरकटं म्हणून काळपट रंगकण मागे ठेवतात. ल्युकोसायटोझून या तिसऱ्या नातलगाच्या पेशीत हे कण नसतात, त्यामुळे तो लगेच वेगळा काढता येतो.

'नवीन'बद्दलही सांभाळा. ओळख पटवायला वापरतात त्या सायटोक्रोम-बी जनुकाचा क्रम जरा वेगळा निघाला की ती लगेच नवी जात होत नाही, नवी जनुकीय वंशशाखा होते. जातीचं नाव द्यायचं तर काचेवरचं रूपही नोंदवावं लागतं. आणि 'जाती'च म्हणा, 'प्रजाती' नको. मराठीत प्लास्मोडियम ही प्रजाती, रेलिक्टम ही तिच्यातली जात.